मापाचा ब्लाउज

शिंप्याकडे ब्लाउज टाकताना सोबत एक जुना ब्लाउज द्यायची रीत मराठी घरांत अजून टिकून आहे. मापाचा ब्लाउज म्हणतात त्याला. अंगाला नीट बसलेला, हुकांवर न ताणणारा, काखेत न काचणारा असा एखादा ब्लाउज जमून आला की बाई तो वर्षानुवर्षं जपते आणि नवा पीस टाकताना ‘अगदी असाच’ एवढंच सांगते. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन, किमो संपून, डोक्यावर बारीक केस उगवायला लागतात तोवर नात्यात कुणाचं तरी लग्न निघतं. पीस शिवायला टाकायची वेळ येते. कपाटातून मापाचा ब्लाउज बाहेर येतो, आणि हे माप आता आपलं राहिलेलं नाही हे तेव्हा कळतं. उजवी कटोरी भरते, डावी चुरगळून आत बसते. दुकानात काय सांगायचं? टेप लावणाऱ्या बाईला आधीच सांगून टाकायचं, की तिचा हात थबकेल तेव्हा? बऱ्याच जणी नवा ब्लाउज शिवायचंच सोडून देतात. ढगळ कुर्ता आणि वर घडी करून घेतलेली ओढणी. काही जणी तर लग्नालाच जात नाहीत.

डिस्चार्ज कार्डावर यातलं काहीही नसतं. गाठ किती सेंटिमीटरची होती, काखेतल्या किती ग्रंथी काढल्या, त्यातल्या कितींमध्ये कॅन्सर सापडला, टाके कधी काढायचे, पुढची किमो कुठल्या तारखेला, हे सगळं नीट लिहिलेलं असतं. पण छातीवरची पट्टी पहिल्यांदा निघेल तेव्हा काय दिसेल, हे बहुतेकींना कुणी सांगितलेलं नसतं. काखेपासून छातीच्या मधोमध आलेली आडवी शिवण, सपाट आणि बधिर कातडी, काखेत दोरी ताणल्यासारखी ओढ, आतून आलेल्या नळीला लावलेली ड्रेनची बाटली. ती बाटली कापडी पिशवीत घालून गळ्यात अडकवून बाई घरी येते. मग कधीतरी हलक्या आवाजात बोलून जाते, की आंघोळीला गेल्यावर खाली बघवत नाही. जवळच्या माणसाचं उत्तर तयार असतं. ‘अगं, जीव वाचला ना, मग झालं तर!’

हे वाक्य मायेनंच बोललं जातं. बोलणाऱ्यानं कित्येक रात्री हॉस्पिटलच्या आवारात चटई टाकून काढलेल्या असतात, दागिने गहाण टाकलेले असतात. तरीही हे वाक्य बोलणं थांबायला हवं. जीव वाचला हे त्या बाईला इतर कुणाहीपेक्षा जास्त कळतं. पण या एका वाक्यानं पुढचं सगळं बोलणं बंद होतं. ज्या शरीरात पुढची वीस-तीस वर्षं राहायचं, त्याबद्दल विचारणंही मग हावरटपणाचं वाटायला लागतं. बदललेल्या शरीराशी जुळवून घेणं हा उपचाराचाच भाग आहे. त्याची बोलणी ऑपरेशनच्या आधी व्हायला हवीत, आणि ती नवऱ्याशी किंवा मुलाशी न होता खुद्द बाईशी व्हायला हवीत.

प्रश्न थोड्याथोडक्या जणींचा नाही. कॅन्सरचे जगभरचे अंदाज मांडणाऱ्या ‘ग्लोबोकॅन’नुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालं आणि ९८ हजारांवर बायका त्यानं दगावल्या. भारतीय बायकांना होणाऱ्या कॅन्सरमध्ये तो आज पहिल्या क्रमांकावर आहे. पाश्चात्त्य देशांच्या मानानं आपल्याकडे तो साधारण दहा वर्षं आधी गाठतो. म्हणजे पन्नाशीच्या आसपास, कित्येकींना चाळिशीतच. मुलांच्या परीक्षा, नोकरी, सासूबाईंचं पथ्यपाणी, सगळं एकाच वेळी अंगावर असतं तेव्हा. उपचार सुधारले तशा बऱ्या होऊन घरी परतणाऱ्या बायका वाढल्या. त्या परततात त्या घरात मात्र त्यांच्यासाठी फारसं काही बदललेलं नसतं.

अख्खा स्तन काढायचाच, हा समज डॉक्टरांच्या मनातही दीर्घकाळ रुतून बसला होता. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जी पद्धत घालून दिली, तिच्यात स्तनाबरोबर खालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथीही काढत. जितकं जास्त कापू तितका कॅन्सर मुळातून जाईल, हा त्यामागचा विचार. जगभरच्या बायकांनी पुढची सत्तरएक वर्षं त्याची किंमत मोजली. खोल गेलेली छाती, कातडीखाली उठून दिसणाऱ्या फासळ्या, नीट वर न जाणारा हात. मग १९७० च्या दशकात इटलीत मिलानला उम्बेर्तो व्हेरोनेसी यांनी आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी दोन मोठ्या चाचण्या सुरू केल्या. गाठ आणि भोवतालचा थोडा भाग एवढंच काढून रेडिएशन दिलं तर काय होतं, हे त्यांना पाहायचं होतं. दोन्ही चाचण्यांचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ साली एकदमच प्रसिद्ध झाले. ज्यांचा स्तन राखला त्या, आणि ज्यांचा काढला त्या, सारख्याच जगल्या होत्या.

याला वीसहून अधिक वर्षं उलटून गेली. तरी आपल्याकडे स्तन काढला जाण्याचं प्रमाण मोठं आहे. काही वेळा त्याला इलाज नसतो. गाठ फार वाढलेली असते, किंवा एकाच स्तनात दूरदूर अनेक गाठी असतात. पण काही वेळा कारण वैद्यकीय नसतंच. स्तन राखला तर सहसा रेडिएशन घ्यावं लागतं. पूर्वी त्याला पाच-सहा आठवडे लागत, आता अनेक ठिकाणी तीन आठवड्यांत होतं. पण रोज जावं लागतं. रेडिएशनचं यंत्र गावापासून शंभर-दोनशे किलोमीटरवर, शहरात ओळखीचं कुणी नाही, धर्मशाळेत जागा मिळेल की नाही ठाऊक नाही, आणि मागे जनावरांना वैरण कोण टाकणार, हा प्रश्न. अशा वेळी घरचे म्हणतात, ‘काढूनच टाका डॉक्टर, कटकट नको.’ बाई मान हलवते. तिनं मान हलवली म्हणजे तिनं ठरवलं असं होत नाही. हा निर्णय एसटीच्या वेळापत्रकानं आणि गोठ्यातल्या म्हशीनं घेतलेला असतो. रुग्णालयाजवळ स्वस्तात राहण्याची सोय वाढवणं हा स्तन वाचवण्याचाच एक उपाय आहे, हे आरोग्य खात्यातल्या नियोजनकारांनी ध्यानात घ्यायला हवं.

दुसरा उपाय गाठ लहान असतानाच ती सापडण्याचा. त्यासाठी दर वेळी महागडं यंत्र लागतं असंही नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयानं १९९८ पासून शहरातल्या झोपडवस्त्यांत दीड लाखांहून अधिक बायकांवर एक दीर्घ अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविका दर दोन वर्षांनी हातानं स्तनांची तपासणी करत. २०२१ साली त्याचे निष्कर्ष आले. त्या वस्त्यांमध्ये कॅन्सर आधीच्या टप्प्यावर सापडत होता, आणि पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमध्ये मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले होते. लवकर सापडलेली गाठ म्हणजे वाचलेला जीव, आणि बऱ्याचदा वाचलेला स्तनही.

गाठ हाताला लागूनही बायका महिनोन्महिने गप्प राहतात, यात भाषेचाही वाटा आहे. मराठीत हा अवयव नावानं हाक मारायचा अवयवच नाही. मूल ‘अंगावर’ पितं. दूध ‘अंगावरचं’ असतं. ‘स्तन’ हा शब्द पुस्तकात आणि डॉक्टरांच्या तोंडी, ‘छाती’ हा त्यातल्या त्यात बोलायचा शब्द. वॉर्डात बायका एकमेकींना सांगतात, ‘माझी छाती काढली.’ घरी गेल्यावर शेजारणीला सांगतात, ‘गाठ होती, काढली.’ ज्या भाषेनं या एका अवयवाला सरळ ‘अंग’ म्हटलं, तिला त्याचं मोल ठाऊक होतं. तो गेला तर बाईला आपलं अख्खं अंगच परकं वाटू लागतं, हे समजायला मानसशास्त्राचं पुस्तक उघडायची गरज नाही. मात्र परकेपणाचं हे दुःख सांगायला त्या भाषेत शब्द सापडत नाहीत, आणि म्हणून ते ‘हात दुखतो’, ‘झोप लागत नाही’, ‘चिडचिड होते’ अशा तक्रारींमधून बाहेर पडतं.

हात तर खरंच दुखतो. काखेतल्या ग्रंथी काढल्यावर हातातल्या द्रवाच्या निचऱ्याची वाट अडते आणि काही जणींचा हात सुजतो, कधी ऑपरेशननंतर काही महिन्यांनी तर कधी काही वर्षांनी. लिम्फिडेमा म्हणतात त्याला. मराठी बाईला ही सूज सगळ्यात आधी बांगड्यांमध्ये कळते. काल सहज चढणारी बांगडी आज अंगठ्यापाशी अडते. काचेच्या बांगड्यांनी भरलेल्या उजव्या हाताशेजारी मोकळा डावा हात दिसला की हळदी-कुंकवाला आलेली एखादी बाई विचारतेच. शिवाय वजनाचा प्रश्न. एका बाजूचा भार गेल्यावर शरीराचा तोल ढळतो, एक खांदा वर ओढला जातो, मानेत आणि पाठीत कळ येते. स्तन मोठे असतील तर हे अधिकच. म्हणून रिकाम्या बाजूला वजनदार पॅड लावणं ही हौस आहे म्हणणाऱ्यानं एका हातात भरलेली कळशी घेऊन दिवसभर वावरून पाहावं.

ऑपरेशननंतर पहिले काही महिने बायका जे जुळवाजुळवीचे उपाय करतात, त्यात त्यांची सारी कल्पकता दिसते. कुणी हातरुमालाची घडी ठेवते, कुणी मुलाच्या मोज्यात कापूस भरते. कापूस हलका, हात वर केला की तो गळ्याकडे सरकतो. मग वजनासाठी पातळ कापडाची पुरचुंडी शिवून तिच्यात मोहरी भरली जाते. ती घामानं ओली झाली की कुबट वास यायला लागतो, म्हणून दर आठवड्याला उसवायची, मोहरी बदलायची, पुन्हा शिवायची. लोकलच्या लेडीज डब्यात चढताना गर्दीत कुणाचं कोपर लागलं तर हात आधी छातीकडे जातो. लागलं म्हणून तो जात नाही. पॅड जागेवर आहे ना, हे बघायला जातो.

सिलिकॉनचं चांगलं पॅड मिळतं, पण त्याला काही हजार रुपये पडतात, आणि ते ठेवायला आतून खिसा असलेली ब्रा लागते. ही वस्तू नीटसपणे बाजारात आली त्यामागे एक गमतीदार योगायोग आहे. बार्बी बाहुली जन्माला घालणाऱ्या रूथ हँडलर यांना १९७० मध्ये स्तनाचा कॅन्सर झाला, एक स्तन काढावा लागला. दुकानांत तेव्हा जे पॅड मिळत ते उजव्या-डाव्याचा फरकही न करणारे गोळे होते. त्यांना संताप आला. बुटाला उजवा-डावा असतो, मग याला का नको, असा त्यांचा साधा हिशेब. त्यांनी कारागीर जमवले आणि ‘निअरली मी’ या नावानं स्वतःचे पॅड बनवून विकायला काढले. मोठ्या दुकानांत त्या स्वतः उभ्या राहून बायकांना माप घेऊन ते बसवून देत. बाहुलीच्या आकारावरून आयुष्यभर टीका झेललेल्या या बाईनं केलेलं हे काम तिच्या बाहुलीइतकंच ध्यानात राहायला हवं.

सुती दोऱ्याचे, क्रोशानं विणलेले पॅड हा याहून स्वस्त आणि हलका पर्याय. २०११ साली अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात ‘निटेड नॉकर्स’ या नावानं स्वयंसेवकांनी ते विणून फुकट वाटायला सुरुवात केली आणि ती चळवळ भारतातही पोचली. आत कापसासारखं भरण, मागून उघडता येणारं, हवं तेवढं भरायचं-काढायचं, साबणाच्या पाण्यात धुवायचं. आपल्या दमट हवेत घामोळं न येणं ही काही लहान गोष्ट नाही.

आणि पॅड लावायचंच नसेल तर? तोही बाईचाच अधिकार. अमेरिकी कवयित्री ऑड्री लॉर्ड यांनी १९८० साली ‘द कॅन्सर जर्नल्स’ या पुस्तकात ऑपरेशननंतर काही दिवसांनी डॉक्टरांकडे तपासणीला गेल्याची हकिकत लिहिली आहे. पॅड न लावता, पण मनानं उभारी धरून त्या गेल्या होत्या. नर्सनं त्यांना पॅड न लावण्यावरून टोकलं; अशानं दवाखान्यातल्या इतरांचं मनोधैर्य खचतं, असं तिचं म्हणणं. लॉर्ड यांना तिथेच कळलं, की पॅड आपल्या सोयीसाठी मागितलं जात नाही, बघणाऱ्यांच्या सोयीसाठी मागितलं जातं. आपल्याकडे ‘लोकांत जाताना तरी लाव बाई’ असं आई मुलीला सांगते तेव्हा तिच्या आवाजात काळजी असते, पण अर्थ तोच.

अभिनेत्यांच्या घरातल्या बाईनं हे बोलून दाखवलं तर ऐकू येतं. लेखिका-दिग्दर्शिका ताहिरा कश्यप यांनी ४ फेब्रुवारी २०१९ रोजी, जागतिक कॅन्सर दिनी, केस नसलेलं डोकं आणि पाठीवरचा ऑपरेशनचा व्रण दाखवणारं स्वतःचं छायाचित्र जगासमोर ठेवलं. त्यामागचं धाडस खरं होतं. पण व्रण मिरवावा ही अपेक्षा कुणावर लादली जाऊ नये. व्रण झाकणारी बाई भित्री आणि दाखवणारी शूर, अशी विभागणी करणारे लोक पुन्हा बघणाऱ्याच्या बाजूनं विचार करत असतात.

स्तन पुन्हा घडवण्याची शस्त्रक्रिया हा तिसरा मार्ग. पाठीच्या स्नायूचा किंवा पोटावरच्या चरबीचा भाग वळवून, किंवा सिलिकॉनचं इम्प्लांट बसवून, कधी त्याच ऑपरेशनमध्ये तर कधी नंतर, स्तनाचा आकार परत देता येतो. ती प्रत्येकीला मानवेलच असं नाही. ऑपरेशन लांबतं, जास्त व्रण येतात, इम्प्लांट पुढे बदलावंही लागू शकतं. पण अशी सोय आहे हे मुळात किती जणींना सांगितलं जातं? ‘या वयात काय करायचंय?’ हा प्रश्न पंचेचाळिशीतल्या बाईलाही ऐकावा लागतो, आणि नवरा नसलेल्या बाईला तर कुणी विचारतच नाही. जणू स्तन नवऱ्याच्या नावावर होता, तिच्या नव्हे. पैशांचा मुद्दा खरा आहे. अमेरिकेनं १९९८ मध्ये कायदाच केला, की स्तन काढण्याच्या ऑपरेशनचा खर्च देणाऱ्या विमा योजनेनं तो पुन्हा घडवण्याचा आणि पॅडचाही खर्च द्यायचा. भारतात विमा नियामक प्राधिकरणानं ठरवून दिलेल्या कलमानुसार सौंदर्यासाठी केलेली प्लास्टिक सर्जरी विम्यातून वगळलेली आहे, पण त्याच कलमात अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यांनंतरच्या पुनर्रचनेचा अपवाद स्पष्ट लिहिला आहे. पॉलिसीची ती पानं ऑपरेशनच्या आधी काढून वाचावीत. ‘कॉस्मेटिक आहे, मिळणार नाही’ असं काउंटरवरच्या माणसानं म्हटलं तर त्याच्यासमोर तो अपवाद ठेवावा.

नवऱ्यांबद्दल दोन टोकांच्या गोष्टी ऐकू येतात. एकीकडे सोडून गेलेला, दुसरीकडे देवमाणूस. अमेरिकेत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅन्सरसारखे गंभीर आजार झालेल्या ५१५ रुग्णांच्या संसारांचं काय झालं हे पाहिलं होतं. आजारी व्यक्ती बायको असेल तर सुमारे २१ टक्के लग्नं मोडली होती, नवरा असेल तर जेमतेम ३ टक्के. आकडा अंगावर येणारा आहे. पण फक्त स्तनाच्या कॅन्सरचा विचार केला तर चित्र बरंच उजळ दिसतं. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात २८२ जोडप्यांच्या अभ्यासात ४२ टक्के जोडप्यांमध्ये दोघांनीही सांगितलं, की या आजारानं आम्ही जवळ आलो. कोणती जोडपी जवळ आली, याचं उत्तर फार साधं होतं. ऑपरेशनला नवरा सोबत गेला होता. पहिल्या दिवसांत त्यानं ‘मी काय करू, कसं निभावू’ असं बायकोलाच विचारलं होतं. आणि नंतरच्या महिन्यांत तो मायेनं जवळ येत राहिला होता.

आपल्याकडचा नवरा ऑपरेशनला जातो. रक्ताच्या बाटल्यांसाठी धावतो, बिलं भरतो, रात्र रात्र बाकावर बसतो. पण रिपोर्ट त्याच्या हातात असतो, डॉक्टर त्याच्याशी बोलतात, आणि जिच्या छातीबद्दल बोलणं चाललंय ती बाजूच्या स्टुलावर पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसते. घरी आल्यावर त्याला भीती वाटते, की आपला हात लागला तर दुखेल. तिला वाटतं, त्याला आता किळस येते. दोघंही गप्प, मध्ये उशी. त्यात अनेकींना पाच-दहा वर्षं घ्याव्या लागणाऱ्या, हार्मोन रोखणाऱ्या गोळ्यांनी कोरडेपणा येतो, इच्छा मंदावते. हे गोळ्यांच्या दुष्परिणामांत मोडतं आणि त्यावर उपाय असतात. पण डॉक्टरांच्या खोलीत हा विषय काढायचा कुणी? बाईनं काढावा अशी अपेक्षा ठेवणं अन्यायाचं आहे. डॉक्टरांनी किंवा नर्सनं तो स्वतःहून, दोघांना समोर बसवून काढला पाहिजे.

बाकीचे नातेवाईक येतात ते शहाळी घेऊन, आणि सोबत कुणा कुणाच्या मरणाच्या कथा घेऊन. स्तनाचा कॅन्सर संसर्गानं होत नाही हे ठाऊक असूनही तिचं ताट-वाटी वेगळं ठेवणारी घरं आजही आहेत. मुलीचं लग्न ठरेपर्यंत आईचा आजार लपवला जातो; आनुवंशिक जनुकदोषामुळे होणारा स्तनाचा कॅन्सर एकूण रुग्णांच्या ५ ते १० टक्केच असतो, हे सांगून पटत नाही. तो दोष आहे की नाही हे रक्ताच्या तपासणीत कळतं. पण आजारच लपवला तर तपासणी कोण करणार, आणि खरोखर जिला धोका आहे त्या मुलीला ते कळणार कसं?

मग आधार कोणाचा? हाच रस्ता चालून आलेल्या बाईचा. १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये ऑपरेशन झालेल्या टेरेस लॅसर यांना आपल्या प्रश्नांची उत्तरं कुणीच दिली नाहीत. बऱ्या झाल्यावर त्या स्वतः हॉस्पिटलांत जाऊन नव्या रुग्णांच्या खाटेपाशी बसू लागल्या. अनेक सर्जनांना हे खपत नव्हतं. १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीनं त्यांचं ‘रीच टू रिकव्हरी’ हे काम आपलं मानलं. मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१ पासून आहे. बऱ्या झालेल्या रुग्णांनी सुरू केलेल्या आणि चालवलेल्या संस्थाही राज्यात आहेत. त्यांच्या स्वयंसेविकेनं खाटेपाशी बसून ‘हे बघा, माझंही काढलंय, बारा वर्षं झाली’ एवढं म्हटलं, तर त्याचं वजन डॉक्टरांच्या अर्ध्या तासाच्या समजावणीपेक्षा जास्त पडतं.

या आधाराबद्दल भलते दावे मात्र करू नयेत. १९८९ साली डेव्हिड स्पीगल यांच्या अभ्यासात आठवड्याला गटात बसून बोलणाऱ्या, कॅन्सर शरीरभर पसरलेल्या बायका इतरांपेक्षा दुपटीच्या आसपास जगल्याचं दिसलं आणि जगभर खळबळ उडाली. ८६ बायकांचा अभ्यास होता तो. २००१ मध्ये कॅनडात २३५ बायकांवर तसाच प्रयोग झाला, तेव्हा आयुष्य वाढल्याचं आढळलं नाही. पण मनाची तगमग आणि शरीराच्या वेदना कमी झाल्या होत्या, विशेषतः ज्या सुरुवातीला जास्त खचलेल्या होत्या त्यांच्या. एवढंही पुष्कळ आहे. ‘पॉझिटिव्ह राहा, म्हणजे बरी होशील’ असं सांगून बाईच्या रडण्यावरच आजाराचा ठपका ठेवणं तरी यानं थांबावं.

गटात बसून नुसतं बोलायला हवं असंही नाही. ऑपरेशन झालेल्या बाजूच्या हातानं जड काही उचलू नये, हा सल्ला जगभर ठोकळेबाजपणे दिला जात होता. व्हँकूव्हरचे क्रीडावैद्यक तज्ज्ञ डॉन मॅकेन्झी यांना तो पटेना. १९९६ मध्ये त्यांनी स्तनाच्या कॅन्सरमधून उठलेल्या चोवीस बायकांना ड्रॅगन बोट वल्हवायला बसवलं. हळूहळू व्यायाम वाढवत, हातावर लक्ष ठेवत. एकीचाही हात त्यामुळे सुजला नाही. आज अनेक देशांत अशा बायकांच्या होड्या शर्यतीत उतरतात. महाराष्ट्रातल्या बाईला होडीच हवी असं नाही. भाकरी थापणं, कपडे वाळत घालणं, मंगळागौरीत फुगडी घालणं, यातलं काय केव्हा सुरू करायचं हे फिजिओथेरपिस्टनं तिच्या कामाच्या भाषेत सांगितलं तरी तिचा हात तिला परत मिळतो.

राज्य सरकारच्या महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कॅन्सरची शस्त्रक्रिया, किमो आणि रेडिएशन गरीब घरातल्या बाईला मिळतं, ही मोठी गोष्ट आहे. त्याच पॅकेजमध्ये खिसा असलेल्या दोन ब्रा आणि एक पॅड बसवायला सरकारला फार जड जाणार नाही. ते शिवायचं आणि विणायचं काम जिल्ह्याजिल्ह्यातल्या महिला बचत गटांना देता येईल. पापड-लोणच्यांपलीकडचं कसबाचं काम मिळेल आणि वस्तू तालुक्याच्या गावी मिळायला लागेल. जिल्हा रुग्णालयात दार लावून घेता येईल अशी एक खोली, तिच्यात एक मोठा आरसा, आणि आठवड्यातून एक दिवस तिथे बसणारी, स्वतः या आजारातून गेलेली बाई. आशा सेविका बाळंतिणीच्या घरी जाते, तशी ऑपरेशन होऊन आलेल्या बाईच्याही घरी दोनदा गेली, हात वर करून पाहिला, बांगडी चढते का विचारलं, तर सूज वेळेत कळेल. ऑक्टोबर, म्हणजे स्तनाच्या कॅन्सरच्या जागृतीचा महिना, आला की शहरांत इमारतींवर गुलाबी दिवे लागतात, मॅरेथॉन निघतात. त्यातल्या एका संध्याकाळच्या खर्चात अशा किती खोल्या चालतील, याचा हिशेब आयोजकांनी एकदा मांडावा.

तोवर घरच्या घरी एक गोष्ट करता येते, आणि ती कोणतीही शिवणकाम येणारी बाई अर्ध्या तासात करू शकते. नेहमीची सुती ब्रा घ्यायची, तार नसलेली, पट्टा रुंद. जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या साडीचा तुकडा कटोरीच्या मापाचा कापायचा. तो आतून लावून कडेनं शिवायचा, काखेकडची बाजू उघडी ठेवायची म्हणजे पॅड तिथून आत सरकतं आणि वाकलं तरी बाहेर येत नाही. शिवण व्रणावर येऊ द्यायची नाही, गाठ मारायची ती बाहेरच्या अंगानं. मग ही ब्रा घालून, पॅड बसवून शिंप्याकडे जायचं आणि नवं माप द्यायचं. ब्लाउज अंगाला नीट बसला, हुकांवर ताणला नाही, तर तो जपून ठेवायचा. पुढच्या वेळी ‘अगदी असाच’ म्हणून हाच द्यायचा आहे.